थांबा, दहा वाजेपर्यंत

रोहिणीने प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या तुळशीला पाणी घातलं, हात जोडले आणि मागे वळली, तर दारात एक अनोळखी माणूस उभा. अंगात तेलकट डागांचा निळा पोशाख, आणि लेकरू कडेवर घ्यावं तशी घेतलेली लाकडी पेटी.

"नमस्कार. मी हर्षल, कर्जतचा. गुजरातेत तेलविहिरीवर सिमेंटचं काम बघतो. पुण्याच्या लॅबमधी जागा न्हाई म्हणून नेवाशाला तुमच्या कॉलेजात धाडलं. हे सिमेंटचे नमुने कुठं ठेवू?"

तिने टेबलाकडे बोट केलं.

"निकाल कधी?"

तिने कॅलेंडरावर पुढच्या महिन्याची तारीख दाखवली.

तो गोंधळला. मग आवाज चढवून, हातवारे करत म्हणाला, "मॅडम... ऐकू... येतं... का?"

तिने पदर तोंडाला लावला. फरशी पुसणारे वाल्मिकमामा मात्र खदखदून हसले. "अवो साहेब, बहिरी न्हाई ती! चातुर्मासाचं मौन हाय तिचं. दहाला सुटतं. मग बसा ऐकत!"

"मग बसतोच की," हर्षल म्हणाला. आणि खरंच बसला.

पोलादी नळी आणि भोवतालचा खडक यांच्या मधल्या फटीत सिमेंट ओततात. विहिरीचं कुलूपच ते. हर्षलच्या त्या जुन्या विहिरीत कार्बन डायऑक्साइड कोंबून उरलंसुरलं तेल वर ढकलायचं होतं. तो वायू हे कुलूप खातो का, आणि किती, एवढंच रोहिणीला तपासायचं होतं. तिने सहा नमुने गरम पाणी आणि वायू भरलेल्या दाबपात्रात ठेवले, झाकण आवळलं आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

हर्षल पंधरा दिवस विहिरीवर असे, पंधरा दिवस घरी. घरी असला की काहीतरी निमित्त काढून तो नेवाशाला येई, आणि नेमका दहाच्या आत.

"लवकर का येता?" एकदा दहाच्या ठोक्याला तिने विचारलं.

"दहाच्या आत माझं बोलणं कुणी मोडत न्हाई," तो म्हणाला. "आणि तुमी डोळ्यांनी जे बोलता ना... ते दहानंतर बंद होतं."

तिने उगाचच बाटली उचलली. आत पाण्यासारखं बिनरंगी औषध होतं. "हे फवारलं की जिवंत सिमेंट गुलाबी होतं. वायूने खाल्लेल्यावर रंगच चढत नाही."

"तुमच्या गालावर फवारायची गरजच न्हाई म्हणायची."

ती वळून तुळशीकडे पाहत राहिली.

श्रावणात महिना भरला. सव्वानऊला हर्षल धावत आला, बाहेर जीप सुरूच. तिने यंत्रात एक नमुना दाबून फोडला होता. आकडा पहिल्यापेक्षा चांगलाच वर गेला होता.

"ताकद वाढली? म्हणजे पक्कं झालं की!"

तिने जोरजोरात मान हलवली. हा वायू आधी सिमेंटमधल्या चुन्याचा दगड करतो, म्हणून ते कठीण होतं. पुढे तोच दगड विरघळवून नेतो आणि मागे भुसा ठेवतो. हे सगळं तिच्या ओठांवर होतं. पण घड्याळात पाऊण तास बाकी होता. सगळं लिहून होईपर्यंत तो थांबणार नव्हता. तिने कागदावर एवढंच लिहिलं – 'थांबा, दहा वाजेपर्यंत.'

"जीप चालू हाय, रोहिणी!" पहिल्यांदाच त्याने तिला नुसत्या नावाने हाक मारली होती. ती हाक कानात घुमत राहिली, तोवर तो गेला होता.

दहाला तिने फोन लावला, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग – "बरं. सांगतो साहेबांना."

चढलेल्या आकड्यावर समाधान मानून पुढे कंपनीने तपासणी थांबवली. उरलेले पाच नमुने दाबपात्रातच राहिले. हर्षलचे फोन आधी विरळ झाले, मग बंद.

वैशाखात बातमी आली. त्या विहिरीचं सिमेंट आतून पोखरलं गेलं. वायू नळीच्या बाहेरून वर चढला आणि विहिरीच्या तोंडापाशी खणलेल्या खड्ड्यात साचला. त्याला ना वास, ना रंग. झडप आवळायला खाली उतरलेला अमृत पुन्हा वर आला नाही. अमृत हर्षलचा जोडीदार, त्याच्याच आळीतला. चौकशीत लिहिलं गेलं – मृताचा निष्काळजीपणा, मास्क घातला नव्हता.

रोहिणी रोज देवापुढे बसे, पण हात जुळले तरी मन जुळत नसे. पाऊण तास. पाऊण तासाच्या पुण्यासाठी एका बाईचं कुंकू पुसलं गेलं, असंच तिला वाटे.

पुन्हा श्रावण आला. सकाळी नऊला दारात हर्षल. गाल बसलेले, दाढी वाढलेली. वाल्मिकमामांनी मुकाट्याने बादली उचलली आणि बाहेर गेले.

"उरलेले नमुने हायत का?"

तिने मान डोलावली. दाबपात्र उघडलं, एक नमुना फोडला, ताज्या भेगेवर औषध फवारलं. कडेपासून आतपर्यंत सगळं राखाडी, बोटाने खरवडलं तर गळणारं. अगदी मधोमध तेवढा एक गुलाबी ठिपका. कुंकवाएवढा.

हर्षल खाली बसला.

"तुमी दहाला फोन केला हुता. मी सगळं ऐकलं. आणि साहेबांना सांगितलंच न्हाई." तो थांबला. "तोवर आकडा कळवून टाकला हुता. साहेबांनी पाठ थोपटली हुती. दिलेला शब्द मागं घ्यायची लाज वाटली, एवढंच. अमृत खड्ड्यात उतरला तवा मी वर उभा हुतो."

 वैशाखापासून रोहिणीने उरावर वागवलेला धोंडा तिचा एकटीचा नव्हता.

"तुमी सोताला दोष देत असणार, ठाऊक हुतं मला. म्हणून आधी इथं आलो. आता अमृतच्या बायकोकडं, पुष्पावती वहिनीकडं जातो. तिला वाटतंय, नवरा सोताच्याच चुकीनं गेला. मग चौकशीवाल्यांकडं. नोकरी जाईल, तुरुंगही होईल कदाचित." तो उठला. "मी तुमच्यावर... जाऊ द्या. आता ते बोलायचं तोंड न्हाई मला. साडेनऊची एसटी हाय."

तो दारापर्यंत पोहोचला. घड्याळात सव्वानऊ. रोहिणीने तुळशीकडे एकदा पाहिलं.

"थांबा."

तो जागच्या जागी खिळला. "रोहिणी... दहा न्हाई वाजले."

"एकदा वाजेपर्यंत गप्प बसले. देवाचं मी बघेन, त्याच्याशी माझं रोजचं बोलणं आहे." तिने तो फुटका नमुना उचलून रुमालात गुंडाळला. "तुम्ही सांगाल, पण दाखवायचं मलाच येतं. पुष्पावतीताईंसमोर दुसरा फोडीन."

"तिनं दारातच शिव्या दिल्या तर?"

"दोघं मिळून खाऊ."

"आणि मला तुरुंग झाला तर?"

ती औषधाची बाटली पिशवीत ठेवत होती. तिचा हात थांबला.

"तर सकाळी दहाच्या आत भेटायला येत जाईन. बोलायचं तुम्ही."

त्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. ती जवळ गेली नाही. उरलेले नमुने त्या लाकडी पेटीत भरून तिने पेटी त्याच्या हातात दिली आणि दाराला कडी घातली. फाट्यापर्यंत दोघं चालत गेली.