बंद लाइन

पाणी बंद असलं की लाइन ओढते, हे पालिकेच्या पाणीखात्यातला ईश्वर शिवलकर प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचा. आतला जोर गेला की पाइप बारीकशा भोकातूनही बाहेरचं गटार आत घेतो, आणि संध्याकाळी तेच कुणाच्यातरी हंड्यात पडतं. दूषित पाण्याच्या तक्रारी निस्तरण्यात त्याचा जन्म गेला होता, पण नया नगरातलं हे पाणी काही वेगळंच होतं. काळपट, खारट. तीन इमारतींतली पोरं ओकून ओकून हॉस्पिटलात पोचली होती. एका बाईनं स्टीलचा ग्लास त्याच्या नाकाशी धरला.

"भाईसाब, पहले सूँघो. फिर बोलो क्लोरीन डालेंगे."

त्यानं वास घेतला. कुजक्या चिखलाचा वास, आणि त्यात खोबरेल. न्हाऊन आलेल्या पोरीच्या केसांचा.

त्याचं स्वतःचं घरही मीरा रोडलाच, त्याच लाइनच्या दुसऱ्या टोकाला. त्यानं आधी बायकोला, सुचेताला फोन केला. नळाचा थेंबही तोंडात घालू नका. यावर सहा वर्षांची मिनल फुगून बसली. पाण्याच्या वेळी नळाला कान लावायचा आणि आत हवा सुस्कारली की "आलं, आलं" म्हणून घर डोक्यावर घ्यायचं, हे तिचं काम. बापानंच शिकवलं होतं, आणि ऑफिसात त्याची फुशारकीही मारून झाली होती.

पाच वाजता पाणी सोडावंच लागणार होतं, त्याआधी भोक सापडायला हवं. ईश्वर आणि मुर्धा गावचा उत्तम, त्याचा जुना जोडीदार, वासाच्या मागे भर उन्हात मिठागरांपर्यंत पोचले. तिथे जमिनीतून पाइपाचा हातभर तुकडा वर आला होता. उत्तम पलीकडे खणायला लागला. ईश्वरनं पाइपावर लोखंडी सळई टेकवली आणि तिच्या वरच्या टोकाच्या वाटीला कान लावला. गळती अशीच ऐकतात. बंद लाइनवर खरं तर काहीच ऐकू येत नाही, पण हाताची सवय.

ऐकू आलं. लांब, आत घेतलेला श्वास.

ओढतेय. म्हणजे भोक इथेच. त्याला इतका आनंद झाला की उत्तमला मिठी मारावीशी वाटली.

मग सळईतून आवाज आला, "बाबा?"

मिनल. नको म्हटलं तरी नळाशी बसलीच कार्टी. लोखंडातून आवाज लांब जातो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो हसला. बोलला मात्र काहीच नाही.

"बाबा, खाली येऊ?"

"साहेब," उत्तम खड्ड्यातून म्हणाला, "ही आपली लाइन न्हाय. मिठागराची जुनी हाय. कवाच तोडलीय."

ईश्वर खड्ड्यात उतरला. पाइपाच्या एका टोकाला बोल्ट मारलेलं गंजकं झाकण. त्यापुढे नुसती माती. दुसरं टोक खाडीच्या चिखलात उघडं. त्यातून तोच वास, खोबरेलासकट.

 त्यानं मोबाइल लावला.

"मिनू कुठेय?"

"असं काय करताय?" सुचेता म्हणाली. "तुम्हीच बोलावलंत ना. मघापासून नळातून हाका चालल्यात. मला वाटलं, खाली मीटरपाशी काम काढलंय, पोरीची गंमत करताय."

"मी मिठागरात आहे, सुचेता."



"पण मी ऐकलं ना," ती हळूच म्हणाली. "तुमचाच आवाज होता."

"मिनू कुठेय?"

"गेली की खाली. आत्ताच."

पलीकडे चपला न घालता जिना उतरणाऱ्या सुचेताच्या पायांचा आवाज. मिनू, मिनू.

उत्तमचं लक्ष फोनकडे नव्हतं. तो पाइपाच्या उघड्या तोंडाकडे बघत मागे सरकत होता.

"साहेब, तुमी बोल्लात?"

ईश्वरनं नाही म्हणून मान हलवली. मग त्यालाही ऐकू आलं. पाइपातून, त्याच्याच आवाजात, अगदी लाडानं.

"आलीस? ये. डोकं खाली घाल हं, लागेल."