फाटकापाशी दार उघडायचं

दुपारी वर्गात रेल्वे फाटकाचा नियम सांगितला तेव्हा मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. कोण ते मला कळलंय, पण जाऊ दे. हसू येण्यासारखंच आहे ते. रूळ दिसला की रेषेआधी बस उभी करा. रेडिओ बंद. आपल्या बाजूची काच खाली, पुढचं दार सताड उघडं. कंडक्टरने उतरून पुढे जायचं, दोन्हीकडे बघायचं, बॅटरी हलवायची. मग पहिल्या गिअरमध्ये पार करायचं, आणि रुळावर असताना गिअरला हात लावायचा नाही. दार कशाला उघडायचं, असं तुमच्यातल्याच एकाने विचारलं. बाहेरचा आवाज आत यावा म्हणून. पुस्तकात एवढंच लिहिलंय.

आता लाइट गेलेत, परवा तुमची परीक्षा आहे आणि झोप काही कोणाला येत नाहीये. तेव्हा ऐका. हे माझ्या थोरल्या वहिनीसमोर घडलंय. ती जन्मभर कंडक्टर होती. जिभेला हाड नाही, पण खोटं बोलणारी बाई नव्हे.

एका वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला वहिनी डेपोत गेली ती बॅटरीचे सेल मागायला. डेपोचे साहेब कागदातून मान वर न करता म्हणाले, "सेल देतो. पण खाणीच्या वस्तीची शेवटची फेरी घ्यावी लागेल. तिथला कंडक्टर पाय मोडून घरी बसलाय."

"दोन सेलांसाठी महिनाभर रात्रपाळी?" वहिनी म्हणाली. "साहेब, त्यापेक्षा मी मेणबत्ती घेऊन फिरते."

पण गेली. नाही म्हणणं तिला कधी जमलंच नाही.

त्या फेरीवर ड्रायव्हर होता सावकाश. खरं नाव कोणी घेत नसे. डेपोत सगळे त्याला सावकाशच म्हणत, कारण तो गाडी अशी चालवायचा की पासिंजर चढून, बसून, पिशवी मांडीवर घेऊन नीट टेकेपर्यंत चाक हलायचं नाही. म्हातारं माणूस उतरत असलं तर पायरी कट्ट्याला अगदी चिकटवून उभी करायचा. "याच्या गाडीतून वरात नेली तर पोहोचेपर्यंत नवरीला नातवंडं होतील," असं बाकीचे म्हणत. तो हसायचा. लग्न नव्हतं. घरी म्हातारी आई, बस्स.

गावाबाहेर, खाणीच्या वस्तीच्या अलीकडे, ते फाटक. फाटक म्हणजे नुसते रूळ. आडवा दांडा नाही, माणूस नाही. खाण बंद पडल्यावर गाड्याही बंद झाल्या. दोन्ही अंगांचे रूळ उपटून भंगारात गेले. रस्त्याच्या डांबरात रुतलेला तुकडा तेवढा राहिला. पण 'रेल्वेमार्ग बंद' अशी पाटी काही कोणी लावली नाही, म्हणजे नियम तसाच. बाकीचे ड्रायव्हर तिथून धडधडत जायचे. सावकाश मात्र थांबायचा. काच खाली, दार उघडं.

पहिल्याच रात्री वहिनीने विचारलं, "अरे बाबा, इथे कुठली गाडी यायला बसलीय?"

"उतरा ना ताई," तो म्हणाला. "बघून तर या."

ती उतरली. रुळापर्यंत गेली, दोन्हीकडे बॅटरी फिरवली. एकीकडे बाभळी, दुसरीकडे बाभळी. हात हलवला, गाडी पार झाली, ती परत चढली. थंडीने गुडघे धरले होते. मनातल्या मनात तिने त्याला चार शिव्या घातल्या.

आठवडाभर असंच चाललं. मग एका रात्री, फाटक ओलांडून उतार लागला तेव्हा त्याने आरशातून तिच्याकडे बघत विचारलं, "ताई, गाडीत किती माणसं?"

"दिसत नाहीत? तीन. एक झोपलंय, ते अर्धं धर."

"ब्रेकला पन्नास लागतायत."

वहिनी हसली. तो हसला नाही. पाय ब्रेकवर होता, तरी गाडी पुढे रेटत होती... भरल्या गाडीसारखी. वहिनीलाही ते पायाखाली जाणवलं. तुम्ही चालवायला लागलात की कळेल. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यातला फरक आंधळ्यालाही कळतो.

वस्तीवर तिघं उतरले. गाडी हलकी झाली नाही. वळवून परत आणली, फाटक ओलांडलं, तेव्हा कुठे हलकी झाली.

डेपोतल्या मेकॅनिकने सकाळी ब्रेक तपासले. "नवरीसारखी आहे तुमची गाडी," म्हणाला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी वहिनीने ते पाहिलं.

ती रुळावर उभी होती. पाठ बाभळींकडे, तोंड बसकडे. हेडलाइट डोळ्यांवर येत होते म्हणून तिने हात आडवा धरला, आणि हाताखालून तिला बसची पुढची काच दिसली. आतला दिवा लागलेला. ड्रायव्हर आपल्या जागेवर. आणि त्याच्या मागे... गाडी भरलेली. सीटवर माणसं. मधल्या वाटेत माणसं. वरचा दांडा धरून दाटीवाटीने उभी. कोणी बोलत नव्हतं. कोणी हलत नव्हतं. सगळी समोर बघत होती.

तिच्याकडे.

ती कशी चालत गेली तिचं तिला ठाऊक. दाराशी आली, पायरीवर पाय ठेवला, वर बघितलं. सीटा रिकाम्या. मागे एक मजूर तोंड उघडं टाकून घोरत होता.

"दिसले?" सावकाशने विचारलं. हळूच.

वहिनीने मान डोलावली.

"मला आरशात दिसतात. दार उघडलं की चढतात. फक्त मी थांबतो ना... बाकी कोणी दारच उघडत नाही."

मग परतीच्या वाटेवर त्याने सगळं सांगितलं. खाण चालू असताना त्या फाटकावर एका बसला मालगाडीने उडवलं होतं. शेवटचीच फेरी होती, कोणी वाचलं नाही. ती बस त्याचा थोरला भाऊ चालवत होता. चौकशीत लिहिलं गेलं, ड्रायव्हर थांबलाच नाही. पुढे वर्षानुवर्षं लोकांनी त्यांच्या दारासमोर थुंकून रस्ता ओलांडला. आई मात्र एकच बोलायची, 'माझा पोरगा थांबला असणार.' जेवताना, झोपताना, तापात... तेच.

"ही सगळी त्याच्याच गाडीतली माणसं आहेत, ताई. रोज थोडी जास्त असतात. तो अजून चढला नाही."

"आणि चढला तर?"

"विचारीन. थांबला होतास का. एवढंच. आईला सांगायला."

दुसऱ्या दिवशी वहिनी साहेबांकडे गेली, फेरी बदलून द्या म्हणून. साहेबांनी विचारलं कारण काय. ती काय सांगणार? गुडघे, म्हणाली. साहेब म्हणाले, महिनाअखेर बघू. मग तिने सावकाशलाच सांगून पाहिलं. "दार उघडू नकोस. नुसता थांब. नाहीतर सुसाट काढ, सगळे काढतात तशी."

त्याने फडक्याने आरसा पुसला. मग म्हणाला, "त्यांना वाटेत सोडून?"

एकवीस डिसेंबर. बुधवार. साडेदहाची शेवटची फेरी. अशी थंडी की काचा आतून घामेजलेल्या. गाडीत एकच पासिंजर, दवाखान्यातली नर्स, पाळी संपवून घरी निघालेली. मागच्या सीटवर डोकं टेकून झोपली होती. फाटकाच्या रेषेवर गाडी थांबली. त्याने दार उघडलं नाही.

"ताई, सिस्टरना उठवा. तुम्ही दोघी उतरा, रूळ ओलांडून पलीकडे लांब उभ्या रहा. इंजिनमधून वास येतोय म्हणा."

"वास कुठाय?"

"ताई... आता तोच राहिलाय."

वहिनीने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ती मागे गेली. नर्सला हलवून उठवलं. ती बिचारी कुरकुरत, शाल ओढत उतरली. "भंगार गाड्या," म्हणाली, "आणि आपण मरायचं." दोघींना उतरवायला त्याने दार उघडलं, लगेच लावलं. दोघी रूळ ओलांडून पलीकडे गेल्या. नर्स मैलाच्या दगडावर टेकली आणि बसल्या बसल्या पेंगायला लागली. वहिनी मागे फिरली, रुळापाशी आली. तिचं काम होतं ते. बॅटरी दाखवायची.

त्याने काच खाली केली. रेडिओ बंद केला. दार उघडलं.

तिने हात आडवा धरला नाही. बघायचंच नाही, असं ठरवलं होतं. पण काच खाली होती. रात्र शांत होती. आवाज आला.

"दादा?"

मग काही नाही.

"ये ना... ये. पायरी उंच आहे."

वहिनीने डोळे मिटून घेतले. किडे ओरडत होते. इंजिन धडधडत होतं. सावकाशचा आवाज, लहान पोरासारखा...

"आई विचारते... तू थांबला होतास?"

बराच वेळ काही नाही.

"थांबला होतास."

पुन्हा काही नाही.

"दार उघडलं होतंस? ...हो? ...मग?"

शांतता.

"मग, दादा? मग कसं...?"

शांतता.

"काहीच नाही? ...काहीच ऐकू आलं नाही?"

वहिनीने डोळे उघडले. तो स्टेअरिंगवर वाकून तिच्याकडे बघत होता. त्याच्या मागे गच्च भरलेली गाडी. आणि त्याच्या खांद्याशी, अगदी जवळ, कोणीतरी उभं.

"ताई," तो म्हणाला. "तुम्हाला काही ऐकू येतंय का?"

तिने कान दिला.

किडे थांबले होते.

लांब वस्तीवर कुत्री भुंकत असतात. तीही नाहीत. वारा नाही. इंजिन... इंजिन चालू होतं. बाजूचा आरसा थरथरताना तिला दिसत होता. आवाज नव्हता.

ती ओरडली, "नको! पुढे येऊ नकोस!"

तोंड हललं. घसा ताणला. तिला स्वतःचा शब्दही ऐकू आला नाही.

तिने बॅटरी हलवली नाही. हे ती शेवटपर्यंत सांगायची. मी हलवली नाही... हात घट्ट धरून ठेवला होता मी.

गाडी निघाली.

पहिल्या गिअरमध्ये. हळू. पासिंजरला धक्का लागू नये तशी. उभी असलेली माणसं सगळी एकदम मागे कलली, एकदम पुढे आली. वहिनी बाजूला पडली. पुढची चाकं रुळावर चढली. तो समोर बघत होता. नियमाप्रमाणे दोन्हीकडे बघितलं त्याने... आधी डावीकडे. मग उजवीकडे.

उजवीकडे बघितल्यावर तोंड परत वळवलं नाही.

मग उजेड झाला. पांढरा. बाभळींचा एकेक काटा दिसेल एवढा. आणि आवाज नाही...

काहीच आवाज नाही.

मग किडे ओरडायला लागले.

वहिनी खडीवर उताणी पडली होती. बस रुळावर उभी होती, इंजिन बंद, आतला दिवा लागलेला. ओरखडा नाही. काच फुटलेली नाही. दार उघडं. ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा लावलेला होता, खटका तसाच अडकलेला. पट्ट्याच्या आत कोणी नव्हतं.

नर्स धावत आली. तिने काही पाहिलं नव्हतं, काही ऐकलं नव्हतं. "ड्रायव्हर कुठे गेला?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. दोघी बस धरून उभ्या राहिल्या. डेपोची जीप यायला फटफटलं.

शोधलं. बाभळीत, खाणीच्या पाण्यात, वस्तीवर. सावकाश सापडला नाही. चौकशी झाली. साहेबांनी लिहिलं, ड्रायव्हर पासिंजरला रस्त्यात सोडून पळून गेला. एका घरातले दोन भाऊ, दोघांच्या कपाळी तेच. चेष्टा करणारे ड्रायव्हर गप्प झाले. थुंकणारे पुन्हा थुंकायला लागले.

वहिनी त्याच्या आईकडे गेली. जायला पाहिजे होतं, तिलाच ऐकू आलं होतं ना. दोन खोल्यांचं घर. म्हातारी खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.

"मावशी, थोरला थांबला होता," वहिनी म्हणाली. "दार उघडलं होतं त्याने. त्याची चूक नव्हती."

म्हातारी वळली. वहिनीला वाटलं, आता तरी हिचा जीव थंड होईल.

"थांबला होता?" म्हातारीने विचारलं. "तरी गेला?"

"...हो."

"मग थांबून काय उपयोग?"

वहिनी उठून निघून आली. उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो. मी तुम्हाला नियम शिकवतो. नियम पाळा. त्यापुढचं मला काही येत नाही. म्हातारी त्यानंतर बोलली नाही. उन्हाळ्याच्या आत गेली.

एक गोष्ट वहिनीने चौकशीत सांगितली नाही. कोणालाच सांगितली नाही, मला सोडून. त्या पहाटे जीप येण्याआधी, दहिवराने रस्ता पांढरा झाला होता. बाभळी पांढऱ्या. बसचं छप्पर पांढरं. तिला आधार हवा होता म्हणून ती खाली बसली आणि टेकायला तिने रुळावर हात ठेवला. डांबरात रुतलेला तो तुकडा. दोन्हीकडे चार पावलांवर तुटलेला.

झटकन हात उचलला तिने.

रूळ गरम होता.