आठवी फळी

तुमचा विश्वास बसला नाही तरी हरकत नाही. ज्या माझ्या आत्याच्या घरात हे घडलं, तिचाही अजून नीट बसलेला नाही.

पण गोष्ट खरी आहे. आणि रात्री-बेरात्रीची नाही. गेल्या वर्षी, वादळांच्या मोसमात, भर दुपारी दोन वाजता सुरू झाली.

आत्याचं घर समुद्रापासून चार गल्ल्या आत. घराला आठ खिडक्या. तिचे सासरे, नाना, सुतार होते. त्यांनी प्रत्येक खिडकीच्या मापाची प्लायची फळी कापून तिच्यावर आकडा टाकला होता, एक ते आठ. वादळाची खबर आली की फळ्या बाहेरून ठोकायच्या. एका खिळ्याला तीनच घाव. चौथा लागला की म्हणायचे, "हात म्हातारा झाला."

या गोष्टीच्या आदल्या वर्षी नाना गेले. वादळातच.

सकाळी त्यांची आणि आत्याची जुंपली होती. काहीतरी फुटकळ कारण. मग ते बाहेर फळ्या ठोकत होते. सात झाल्या, ठोकणं थांबलं, दार आपटलं. आत्याला वाटलं, आले आत आणि बसले रुसून आपल्या खोलीत. तिने दाराला अडसर लावला आणि सगळ्यांना मधल्या खोलीत नेलं.

थोड्या वेळाने... ठक, ठक, ठक.

"दार वाजतंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांना कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही.

"फळी सैल असेल," आत्या म्हणाली.

वारा उतरल्यावर दार उघडलं. नाना पायरीवरच पडले होते. आठवी फळी शेजारी.

त्यावरून आत्याला घरात कुणीही, कधीही, एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं ती म्हणते.

तर गेल्या वर्षी पुन्हा मोसम आला. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, वीजखात्यात लाइनमन. सगळ्या गावाचे दिवे लावणार, पण घरातला बल्ब बदलायला महिना.

"अहो, फळ्या."

"उद्या."

पंधरा दिवस हेच. फळ्या ओट्यावर धूळ खात पडल्या. सोळाव्या दिवशी वादळाचा इशारा आला आणि आतोबांना ड्यूटीवर बोलावलं. गेले, डबा तेवढा आठवणीने घेऊन.

आत्या नुसती धुमसत होती. पिंपं भरली, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांधली, औषधं काढली. टॉर्च लावायला गेली तर आत सेल नाहीत.

"चिमे, सेल कुठे गेले?"

"बाहुलीत घातलेत," तिची दहा वर्षांची मुलगी चिमी म्हणाली.

"आण ती इकडे."

"बाहुली मैत्रिणीकडे राहिली."

आत्याने कपाळाला हात लावला. सासूबाईंचं तिसरंच. "ते आले का गं?" दर पाच मिनिटांनी. आत्या ओट्यावर गेली, एक नंबरची फळी उचलायला बघितली. एक टोक उचललं की दुसरं खाली. खांद्यात कळ आली तशी तिने ती टाकून दिली. एकटीने काय काय करायचं माणसाने? तिथेच बसून ती रडली. रागाने रडली, हे ती मुद्दाम सांगते.

आत येऊन तिने दार लावलं. दोन वाजत होते.

आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवर... ठक, ठक, ठक.

खिडकी काळी झाली. बाहेरून फळी चढली होती.

"सुचलं एकदाचं!" आत्या आतूनच ओरडली. "पंधरा दिवस काय झोपला होता?"

उत्तर नाही. आतोबांना बोललं की ते गप्पच बसतात, त्यामुळे तिला काही वेगळं वाटलं नाही. ती आतल्या आत त्या आवाजामागून फिरत राहिली आणि प्रत्येक खिडकीशी त्यांना सुनावत राहिली. दुसरी खिडकी. तिसरी. घर अंधारत चाललं.

प्रत्येक खिळ्याला तीन घाव. चौथा नाही.

सातवी फळी चढत असताना फोन वाजला.

आतोबा होते. "रस्त्यावर झाड पडलंय, मी सबस्टेशनवरच अडकलोय. संध्याकाळपर्यंत येत नाही. फळ्यांचं शेजाऱ्यांना सांग की जरा."

ठक... ठक... ठक.

"कोण ठोकतंय?" आतोबांनी फोनवर विचारलं. आत्याने खिडकीकडे पाहिलं. फोन कट झाला.

बाहेरचं ठोकणंही थांबलं. शेजाऱ्यांकडे तर सकाळपासूनच कुलूप होतं.

आठवी खिडकी तेवढी उघडी राहिली होती. दाराशेजारची. काचेतून ओटा दिसत होता. ओट्यावर कुणी नव्हतं.

मग दारावर... ठक, ठक, ठक.

सासूबाईंनी मान वर केली. "अगं, दार वाजतंय."

"फळी सैल असेल, आजी," चिमी म्हणाली.

फळ्या सगळ्या पक्क्या होत्या. हे ऐकून दुसऱ्यांदा गप्प बसणं तिला शक्य नव्हतं. तिने अडसर काढला.

वारा घरात घुसला. पायरीवर कोणी नाही.

"नाना," ती म्हणाली, "चुकलं माझं. या आत."

दार दोन्ही हातांनी धरून तिने साठ आकडे मोजले. पाण्याने भिजून चिंब झाली. मग दार लावलं, अडसर लावला आणि दोघींना घेऊन मधल्या खोलीत जाऊन बसली.

वादळ तीन तास चाललं. दार पुन्हा वाजलं नाही.

मध्येच एकदा बाहेरच्या खोलीतून ठोकल्याचा आवाज आला... तो मोजायचं धाडस तिला झालं नाही.

संध्याकाळी आतोबा आले. घराभोवती एक चक्कर मारली आणि खूश होऊन म्हणाले, "बघ, केलंच ना कुणीतरी? उगाच माझ्या डोक्याशी कटकट करत होतीस."

मग पक्कड घेऊन त्यांनी सात फळ्या काढल्या. आठवीपाशी पक्कड काचेवरच आपटली.

कारण आठवीचे खिळे बाहेर नव्हतेच.

ती फळी आतून ठोकलेली होती.

आतोबा आता मोसमाच्या महिनाभर आधीच तयारीला लागतात. आठव्या फळीला मात्र कुणी हात लावत नाही. आत्याला विचारलं तर म्हणते, मी त्यांना आत घेतलं, बरंच केलं.

दाराचा अडसर एकदा चाचपून बघते.

आणि मग हळूच म्हणते, "पण बाहेर गेलेले काही मी पाहिले नाहीत रे."