खोटी मिशी आणि मक्याची टॉर्टिया

त्याच्या टोपीची कड माझ्या कपाळावर आपटली, तीच आमची पहिली भेट.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळत होते आणि तो गिटार छातीशी धरून घाईघाईने बाहेर येत होता. डोक्यावर परातीएवढी टोपी, ओठांवर चिकटवलेली काळीभोर मिशी. त्या मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये सगळंच तसं होतं – भिंतींवर रंगवलेलं वाळवंट, कोपऱ्यात प्लास्टरचे निवडुंग, छताला कागदी पताका.

"लागलं का?" त्याने विचारलं.

"नाही... तुम्ही वेटर आहात ना? मला जरा – एक विचारायचं होतं."

"मी गाणारा आहे. पण विचारा. गाण्यापेक्षा उत्तरं बरी देतो."

मी मागे वळून आमच्या टेबलाकडे पाहिलं. ताईचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. निघतानाच ताईने बजावलं होतं, "आज तरी तुझं ते पुराण लावू नकोस." माझं पुराण म्हणजे ग्लुटेन. गहू, मैदा, रवा मला चालत नाही. नुसता चुरा पोटात गेला तरी आतडी पिळवटून निघतात. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांचे डोळे तपासते, न कंटाळता विचारते, "आता स्पष्ट दिसतंय? आणि आता?" पण जेवायच्या जागी एक प्रश्न विचारायचा म्हटलं की माझे कान तापतात.

"मक्याच्या टॉर्टियात... गव्हाचं पीठ घालतात का?" मी खालच्या आवाजात म्हणाले. "आणि तवा... तोच असतो का?"

मला वाटलं, आता हा हसणार. तो आत गेला. बऱ्याच वेळाने आला, तेव्हा वाफेने मिशीचं एक टोक सुटून लोंबत होतं.

"पीठ नुसतं मक्याचं आहे. तवा मात्र दोन्हींना तोच वापरतात. आचाऱ्याला दुसरा घासून घ्यायला लावलाय. तुमचं ताट वेगळं येईल."

"तुमची मिशी..."

"पडली तर उचलून द्या. हॉटेलची आहे ती."

मला हसू आलं. खाण्यापिण्याच्या गोष्टीवरून मी शेवटची कधी हसले होते, आठवेना.

ताट आलं. गरम टॉर्टिया, मऊ शिजवलेला घेवडा, टोमॅटोची आंबटतिखट चटणी. मी दोन घास सुखाने खाल्ले असतील, तोच सासूबाईंचं लक्ष गेलं.

"हिचं वेगळं का गं?"

टेबलाखाली ताईचा पाय माझ्या पायावर पडला.

"मला... मका फार आवडतो," मी म्हणाले.

"मग हेही खाऊन बघ," म्हणत त्यांनी आपल्या बरिटोचा तुकडा मोडला आणि थेट माझ्या तोंडाशी धरला. मैद्याची पांढरी गुंडाळी, त्यातून ओघळणारं चीज. सगळे कौतुकाने बघत होते. नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि घास आत गेला.

समोरच्या छोट्या मंचावर तो गात होता. त्याची नजर माझ्यावर होती. गाण्यातला एक शब्द त्याच्या ओठांवरच अडखळला.

मग व्हायचं तेच झालं. जेवण संपत आलं, गप्पा रंगल्या, आणि होणाऱ्या नवरा-नवरीसाठी गाणं म्हणायला तो आमच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. माझ्या पोटात केव्हापासून पीळ पडत होता. मी उठायला गेले, पण खुर्ची मागे सरकेना, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ताई... त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, गाणं अर्ध्यावर सोडलं, डोक्यावरची टोपी काढली आणि उलटी करून माझ्यापुढे धरली.

मी त्या टोपीत ओकले. सगळ्यांसमोर.

"होऊ दे," तो हळूच म्हणाला. "नाहीतरी ही मला मोठीच होते."

घरी पोचल्यावर ताईने खोलीचं दार लावून घेतलं. आतूनच म्हणाली, "मी ॲसिडिटी म्हणून सांगितलंय. तेवढं तरी निभावून ने." मी उशीत तोंड खुपसलं. पुढचे कित्येक दिवस दुकानात कुणी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, की वाटायचं – हा त्या दिवशी तिथे होता.

पण टोपीचं ऋण मनाला टोचत होतं. शेवटी एका दुपारी नवी टोपी घेऊन मी गेले. रेस्टॉरंट दुपारचं बंद होतं, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. एक सडपातळ तरुण निवडुंगाशेजारी बसून गिटारच्या तारा जुळवत होता. बोलला तेव्हा कळलं, हा तोच. मिशी नव्हती, वरच्या ओठावर गोंदाने उठलेला लालसर पट्टा होता.

त्याने टोपी डोक्यावर ठेवून पाहिली. ती जेमतेम टाळूवर बसली.

"लहान मुलांची आहे," तो म्हणाला.

"दुकानात तेवढीच होती." मी रडायच्या बेतात होते. "त्या दिवसाबद्दल... तुम्ही एवढं करून दिलंत, आणि मी तो घास –"

"राग आला होता मला," तो म्हणाला. "तुमचा नाही. कुणीच विचारलं नाही तुम्हाला, याचा." मग ओठावरचा पट्टा हाताने झाकत म्हणाला, "ओशाळण्यात मीही कमी नाही. ओळखीचं कुणी आलं की टोपी नाकापर्यंत ओढून गातो. घरी सांगितलंय, मोठ्या वाद्यवृंदात आहे."

मी ती छोटी टोपी त्याच्या डोक्यावरून उतरवून घेतली.

"माझ्याबरोबर जेवाल कधी?" त्याने विचारलं.

"नको. माझ्याबरोबर जेवणं म्हणजे डोक्याला ताप. मी कुणाकडे गेले की सांगते, जेवून आलेय."

"आणि खरंच जेवून आलेल्या असता?"

मी मान हलवली. नाही.

"म्हणजे उपाशीच परत येता?"

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मी रडले – अगदी नाक ओढून, काहीही न लपवता – आणि त्याने उलट्या खुर्च्यांपैकी एक सुलटी करून माझ्यासाठी ठेवली.

त्या संध्याकाळी मी ताईच्या सासूबाईंना फोन केला. सगळं सांगितलं.

"मीच भरवला गं तुला तो घास," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढासा झाला होता. "ताईला दे फोन."

ताई फोन घेऊन आत गेली. बाहेर आली ती माझ्याकडे न बघता शेजारी बसली आणि माझा हात हातात घेतला.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी रेस्टॉरंटमध्ये आचाऱ्याने तवा माझ्यासमोर घासला, आणि गिटार बाजूला ठेवून माझ्या गाणाऱ्याने स्वतः टॉर्टिया भाजल्या. वेड्यावाकड्या, कडेने करपलेल्या. मी पोट भरेपर्यंत खाल्ल्या. तो नुसता बघत होता.

"तू नाही खाणार?"

"तू खातेस ते बघायला बरं वाटतंय." त्याने माझ्या हनुवटीवरचा चटणीचा ठिपका बोटाने पुसला, पण बोट तिथून हललं नाही. "मला तू... म्हणजे मला –"

तो जवळ आला. त्याच्या श्वासाची ऊब माझ्या ओठांवर आली. आणि मी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं.

आयुष्यात एवढी लाज मला कधीच वाटली नव्हती. टोपीच्या वेळीसुद्धा नाही.

"सकाळी... काय खाल्लंस?"

तो गोंधळला. "चहा. आणि पाव –" तो थबकला. "ओठांवरूनही लागतं?"

मी डोळे मिटून होकार दिला. आता हा उठून जाईल, असं वाटलं. तो खरंच उठून गेला. पाठीमागून नळ सुटल्याचा आवाज आला. मग दात घासल्याचा, मग भलीमोठी खळखळून चूळ भरल्याचा, मग पुन्हा एकदा घासल्याचा. आचारी आतून ओरडला, "अरे, ब्रश मोडशील."

मी रंगवलेल्या वाळवंटासमोर एकटी बसले होते. कान तापले होते, आणि मला हसू आवरत नव्हतं.

तो परत आला. हनुवटी ओली, शर्टावर पाण्याचे डाग, ओठाला पेस्टचा पांढरा ठिपका.

"पेस्टचं वेष्टनही वाचलं," तो धापा टाकत म्हणाला. "गहू नाहीये."

"मग ये ना," मी म्हणाले.