काळी, राखाडी आणि मधला ओढा

आम्ही तिघं निघालो ते एक सायकल निवडायला. दोन दिवस, बेचाळीस किलोमीटर, दोन सायकली. त्यातली एक ठेवायची, एक परत करायची. काम एवढंच होतं.

पठारावरच्या चार पर्जन्यमापकांची नोंद घेणं ही माझी नोकरी. दर पंधरा दिवसांनी जंगलाच्या फाटकापासून चढायचं, नरसाळ्यांत अडकलेला पालापाचोळा काढायचा, आकडे उतरवायचे, बॅटऱ्या बदलायच्या आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वनचौकीला उतरायचं. अकरा वर्षं मी हे एकाच सायकलवर केलं. तिला पुढे शॉक होते, मागे नुसता सांगाडा. मग मागचे धक्के कोण खात होतं? माझी कंबर!

तिचा एक्स-रे माझ्या नणंदेनेच काढला. ती इस्पितळात तेच काम करते. घरात सगळे तिला धाकटी म्हणतात, चाळिशी उलटली तरी.

"वहिनी, हे बघा," फिल्म उजेडाकडे धरत ती म्हणाली, "हे दोन मणके एकमेकांच्या अंगावर बसायला आलेत. आता एक तर दोन्हीकडे शॉक असलेली सायकल, नाही तर ऑफिसातली खुर्ची. तिसरं काही नाही."

खुर्ची मला नको होती. खूप अर्ज-विनंत्या झाल्यावर साहेबांनी तशी, म्हणजे फुल सस्पेन्शन, सायकल मंजूर केली आणि सोमवारपर्यंत कुठली ते कळवा म्हणाले. दुकानात माझ्या मापाच्या दोनच होत्या. एक काळी: दणकट, लांब शॉकची, सोळा किलोंची. दुसरी राखाडी: सडसडीत, आखूड शॉकची, साडेबारा किलोंची. दुकानासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर दोन्ही लोण्यासारख्या चालल्या. त्यावरून काय कळणार, कपाळ!

"खऱ्या वाटेवर न्या," दुकानमालक म्हणाला. "पण आमचा माणूस सोबत येईल."

तो माणूस म्हणजे कानसेन. बासष्ट वर्षांचा मेकॅनिक. सायकल हातात न घेता, नुसती समोरून गेली तरी आवाजावरून कुठला छर्रा झिजलाय ते सांगायचा, म्हणून हे नाव. बोलायचा मोजकं. स्वतःच्या जुन्यापुराण्या सायकलवर, पाठीला हत्यारांची पिशवी बांधून तो फाटकापाशी आमची वाट पाहत उभा होता. धाकटीने चार दिवसांची रजा टाकली होती. "तुमची कंबर मी आतून पाहिलीये," ती म्हणाली, "एकटीला सोडणार नाही."

पहिले नऊ किलोमीटर नुसता चढ. मी काळीवर होते. पाय दाबला की सायकल आधी खाली बसायची, मग पुढे सरकायची, जणू आळोखेपिळोखे देत उठणारी म्हैस. तिसऱ्या वळणावर माझ्या छातीचा भाता झाला. धाकटी राखाडीवरून टुणटुण पुढे गेली आणि वर दगडावर बसून पाणी पीत राहिली.

"बदलू या," मी धापा टाकत म्हणाले.

राखाडीवर बसले आणि वाटलं, झालं काम! निवड संपली! चढ तोच, पाय तेच, पण सायकल माझ्याआधी वर जायला निघालेली. पहिल्या पर्जन्यमापकाशी पोचलो तेव्हा मी मनातल्या मनात अर्ज भरूनही टाकला होता. सपाट पठारावर वारा होता, गुडघ्याएवढं वाळकं गवत होतं, आणि त्यातून जाणारी एक बोटभर रुंद वाट होती. दुसऱ्या यंत्रापर्यंत कुणी फारसं बोललं नाही. बोलायला दम हवा.

मग उतार लागला. उतार कसला, दगडांचा जिनाच! चौथ्या दगडावरून राखाडी खाली आली आणि ठक्! मागचा शॉक तळाला आपटला. तो ठोका सीटमधून सरळ माझ्या मणक्यात. पुन्हा ठक्! पुन्हा! डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी ब्रेक दाबून उतरले आणि वाटेच्या कडेला ओणवी उभी राहिले.

कानसेन मागून आला. त्याने सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

उरलेला उतार मी काळीवरून उतरले. काय सांगू! तेच दगड, पण कुणीतरी त्यांच्यावर गादी अंथरलेली. चढताना म्हैस वाटलेली ती सायकल उतारावर पाण्यासारखी वाहत होती. पत्र्याच्या मुक्कामाच्या खोलीशी पोचलो तेव्हा मी पुरती गोंधळले होते. एक चढाला चांगली, एक उताराला. माझ्या वाटेला दोन्ही आहेत. पाय ताणून, भिंतीला पाठ टेकून आम्ही तिघं बसलो. धाकटीने माझ्या कमरेला मलम चोळलं. "काळी घ्या," ती म्हणाली. "चढाला काय, उतरून ढकला. मणका ढकलता येत नाही." मला ते पटलं. खरं तर इतकी दमले होते की काहीही पटलं असतं.

सकाळी धुकं होतं. बारीक, चिकट पाऊस. तिसऱ्या यंत्राची नोंद घेऊन आम्ही ओढ्यावर आलो. इथे पूल नाही. मोठमोठ्या धोंड्यांवर पाय ठेवत, सायकल खांद्यावर घेऊन जायचं. अकरा वर्षं मी तसंच करत आले. माझी जुनी सायकल हलकी होती, हे मला कधी जाणवलंच नव्हतं.

कानसेन आपली सायकल घेऊन पलीकडे गेला. मी राखाडी खांद्यावर टाकली, जपून जपून पार केली, पलीकडे ठेवली आणि काळीसाठी परत आले. सांगाड्याखाली हात घातला. उचलली. गुडघ्यापर्यंत आली. छातीपर्यंत आली. आणि कमरेत अशी कळ उठली की मी ती तशीच सोडून दिली.

"द्या इकडे," धाकटी म्हणाली.

"नको. कानसेनकाकांना येऊ दे."

"अहो, द्या हो! इस्पितळात याहून जड माणसं उचलते मी."

तिने काळी खांद्यावर घेतली. पहिला धोंडा. दुसरा. तिसरा शेवाळलेला होता. तिचा पाय सटकला! ती दोन धोंड्यांच्या फटीत कोसळली आणि सोळा किलोंची सायकल तिच्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. वाळकी फांदी मोडावी तसा.

ती ओरडली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "नडगी. दोन्ही हाडं. वहिनी, रडू नका, आधी ही सायकल काढा."

पॅडल फटीत रुतलं होतं. कानसेन पलीकडून धावत आला. मी सीट धरली, त्याने हँडल. सायकल हलेना. पाणी माझ्या घोट्याशी होतं. कानसेन एकदम थांबला. मान तिरपी केली.

"ताई, पाण्याचा आवाज बदललाय."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. ओढा मघासारखाच खळखळत होता.

"वर कुठेतरी जोरात पडलाय. पाणी येतंय. सायकल ओढा!"

आम्ही ओढलं. नाही! त्याने पिशवीतून पाना काढला आणि पॅडलला लावला. पाणी पोटऱ्यांशी आलं. गढूळ झालं. पॅडल निघालं! सायकल आम्ही बाजूला लोटली, धाकटीला काखेत धरलं आणि खेचलं. आता ती ओरडली. काठावर चिखलात तिला टेकवेपर्यंत मघाशी ती पडली होती तो धोंडा दिसेनासा झाला होता. काळी पुढे दोन दगडांच्या बेचक्यात अडकली. तिचं पुढचं चाक पाण्यात गरागरा फिरत होतं.

आम्ही तिघंही पलीकडच्या काठावर होतो, हे नशीब. पण वनचौकी तिथून अकरा किलोमीटर होती, आणि फोनला रेंज फक्त तिथेच. धाकटीचे ओठ पांढरे पडत चालले होते. कानसेनने टायरच्या दोन रबरी ट्यूबा आणि माझ्या पिशवीतली लाकडी मोजपट्टी घेऊन तिचा पाय बांधला. ती पडल्या पडल्या सूचना देत होती: "वर नाही, खाली. घट्ट. अजून घट्ट."

"मी जातो," कानसेन म्हणाला.

"धुक्यात वाट सापडायची नाही तुम्हाला. तीन ठिकाणी फुटते ती." मी राखाडीकडे पाहिलं. आधी तीन किलोमीटर चढ, मग आठ किलोमीटर उतार. कालच्यासारखाच, दगडी. "पण हिच्यावरून तो उतार मला झेपणार नाही, काका. मध्येच आडवी झाले तर कुणालाच कळणार नाही."

कानसेन राखाडीपाशी उकिडवा बसला. पिशवीतून शॉकमध्ये हवा भरायचा बारका पंप काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, वजन खरं सांगा."

मी पिशवी पाठीवर चढवली.

दुकानात त्याने हेच विचारलं होतं. शॉकमध्ये हवा किती भरायची ते बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं. तेव्हा काउंटरवर चार गिऱ्हाइकं होती. मी बासष्ट म्हणाले होते.

"चौऱ्याहत्तर," मी आता म्हणाले. "पिशवी धरून ऐंशी."

"कालच ऐकलं मी, शॉक तळाला लागताना," तो पंप मारत म्हणाला. "पण बाईमाणसाला परत कसं विचारायचं?"

चिखलात पडलेल्या धाकटीला हसू आलं. हसता हसता ती कळवळली. "वहिनी, अहो! बारा किलो?"

त्याने हवा भरली, टायरमधली थोडी सोडली आणि एका स्क्रूला दोन वेढे दिले. सगळं मिळून पाच मिनिटं. "आता ती तुमची झाली. जा."

मी निघाले.

चढ कसा चढले ते आठवत नाही. धुकं, माझा श्वास, चेनची करकर, बस. पहिल्या फाट्यावर उजवीकडे. दुसऱ्यावर सरळ. माथ्यावर चौथं यंत्र उभं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी त्याच्याकडे न बघता पुढे गेले. मग वाट खाली वळली.

पहिला दगड. मी दात आवळून ठोक्याची वाट पाहिली. ठोका आलाच नाही! धक्का आला, पण बोथट, कुणीतरी मधे हात धरल्यासारखा. दुसरा दगड. तिसरा! काळीसारखी गादी नव्हती. प्रत्येक दगड कळत होता. पण फक्त कळत होता, लागत नव्हता. मी ब्रेक सोडले. ओल्या मुळावरून मागचं चाक घसरलं. सावरलं! एका वळणावर तोल गेला, कोपर सोलवटलं, उठले, पुन्हा बसले. हात बधिर झाले. बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत ते बघायला खाली पाहावं लागत होतं. कंबर दुखत होती. भयंकर दुखत होती! पण ती धरून होती.

वनचौकीच्या अंगणात मी उतरले नाही, पडलेच. चौकीदार चहाचा पेला घेऊन बाहेर आला.

"ओढा," मी म्हणाले. "नणंद. पाय."

तेवढ्यावरून त्याला कळलं. त्याने इस्पितळाला फोन लावला, दोरखंड आणि स्ट्रेचर घेतलं आणि चार माणसं निघाली. मीही उठायला गेले. "तुम्ही बसा," तो म्हणाला, "नाही तर परत येताना दोघींना आणावं लागेल." मी बाकावर बसले. आयुष्यात इतका वेळ मी कधी बसले नव्हते. धाकटी माझी सायकल उचलायला गेली होती. मला उचलता आली नाही, म्हणून.

दिवस मावळायच्या आत त्यांनी तिला आणलं. कानसेन स्ट्रेचरची एक बाजू धरून होता, चिखलाने माखलेला, म्हातारा दिसत होता. मी तिचा हात धरला. तो गार होता, पण तिने माझा दाबला.

"वहिनी," ती पुटपुटली, "काळी घेऊ नका."

"नाही घेत गं."

पुढच्या आठवड्यात ओढा उतरल्यावर कानसेनने काळी शोधून आणली. एक पॅडल सोडलं तर तिला काही झालं नव्हतं. "सायकल म्हणून हीच सरस आहे, ताई," तो प्रामाणिकपणे म्हणाला. मला ते माहीत होतं. उतारावर तिच्यासारखी दुसरी मिळायची नाही. मी तिच्या सीटवरून एकदा हात फिरवला आणि राखाडीच्या कागदावर सही केली. धाकटीच्या पायात सळई बसली होती आणि ती घरी माझ्या पलंगावरून सगळ्यांना हुकूम सोडत होती.

राखाडी मी साहेबांना दाखवायला दुसऱ्या मजल्यावर नेली. त्यांनी सीट हाताने दाबून पाहिली. ती खाली गेली, वर आली.

"किती वर्षं जाईल?" त्यांनी विचारलं. नोंद करायची होती.

"ही दहा जाईल. मी चार."

त्यांनी मान वर केली.

"लिहा तसंच," मी म्हणाले. "आणि यापुढे त्या वाटेवर एकटं कुणाला पाठवू नका. मलाही नाही. माझ्यासोबत कुणीतरी द्या, मी शिकवीन. चार वर्षांत तयार होईल. मग खुर्ची द्या मला, मी बसेन."

हे तोंडातून कसं निघालं कोण जाणे. पण निघाल्यावर परत घ्यावंसं वाटलं नाही. साहेबांनी तसंच लिहिलं.

लिफ्टमध्ये सायकल मावत नव्हती. मी राखाडी खांद्यावर घेतली आणि जिना उतरायला लागले. मधल्या वळणावर तिला भिंतीला टेकवलं, पायरीवर बसले, दम खाल्ला. खालून एक शिपाई फायली घेऊन वर येत होता.

"धरू का, बाई?" त्याने विचारलं.

"धरा," मी म्हणाले, आणि मागचं चाक त्याच्या हातात दिलं.