तिसरी लेन्स

लेन्स आणायला मी नियाजकडे गेलो तो सोमवार होता, आणि माघातली कोरडी दुपार. साल एकोणसाठ. तेव्हा पनवेलच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ होता आणि स्टुडिओच्या मागेच दोन खोल्यांचं घर. नियाजचं दुकान चार घरं सोडून. घड्याळं दुरुस्त करायचा, आणि त्याचा भाऊ बोटीवर नोकरीला असल्यामुळे परदेशी जुन्या लेन्सही त्याच्याकडे यायच्या. कापसात गुंडाळून, बिस्किटांच्या डब्यात.

त्याने माझ्यासमोर दोन ठेवल्या.

"ही एक पॉइंट नऊ. आणि ही एक पॉइंट चार. हिचं तोंड बघा केवढं आहे, मास्तर! चिमणीच्या उजेडातसुद्धा माणूस दाखवेल. पण नखरेल आहे. फोकस बोटभर चुकला की नाक साफ आणि डोळा गायब. फीत लावूनच मोजायला पाहिजे. अंदाजपंचे चालायचं नाही."

"दोन्ही नेतो. बघतो, आणि एक परत आणतो."

तो डबा बंद करता करता थांबला. "भाभींचं कळलं होतं, भेटायचं राहून गेलं. बहोत अफसोस झाला."

"हो," मी म्हणालो आणि लेन्सच्या काचेवर फुंकर घातली.

मालू, माझी बायको, आश्विनात गेली. तीन दिवसांचा ताप. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला हिरवा चुडा भरला, हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. मी बाजूला उभा राहून बघत होतो आणि मनात एकच विचार चालला होता, की खिडकी पूर्वेला आहे, उजेड कमी पडतो. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं जळलं होतं आणि मला काही कळत नव्हतं. रडू आलं नाही. सासुरवाडीचे लोक माझ्याकडे बघून आपसांत कुजबुजले, तेही मला भिंतीपलीकडून ऐकल्यासारखं वाटलं.

आणि सांगायची लाज वाटते, पण मालूचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. गावभरच्या नवरानवऱ्या मी काचेमागे बसवल्या, आणि घरी दिव्याखाली अंधार. ती कायम कॅमेऱ्याच्या अलीकडची. फीत धरायची ती. माणसाच्या डोळ्याशी फितीचं टोक न्यायचं, दोन हलके हिसके द्यायचे, म्हणजे 'धरलंय'. मी आकडा वाचला की ती फीत सोडून चौकटीबाहेर व्हायची. सोळा मिलिमीटरचा चावीचा कॅमेरा घेऊन मी मिठागरांवर स्वतःची फिल्म करायला निघालो, तेव्हा सगळी आळी हसली. ती हसली नाही. बांधावरून फीत घेऊन माझ्यामागे चालत आली. 'काढाल तेव्हा काढा माझा,' म्हणायची. तो 'तेव्हा' राहूनच गेला. एवढी एकच गोष्ट मला हवी होती, तिचा चेहरा, आणि ती आता मिळण्यासारखी नव्हती.

फिल्ममधलं एकच दृश्य उरलं होतं. मिठागरावर राबणाऱ्या बळीरामची बायको हौसाबाई झोपडीत भाकरी करते, एवढंच. झोपडीला खिडकी नाही, वीज तर सोडाच. चूल आणि चिमणी, बाकी काळोख. म्हणून या लेन्सचा खटाटोप.

मंगळवारी तिन्हीसांजेला गेलो. बळीराम अजून आगरात होता. खाडीचा ओला खारट वास, त्यात धूर आणि भाजलेल्या सुकटीचा वास. चार महिन्यांनी जात होतो, मालूचं तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही.

"आलाव? बसा," हौसाबाई पीठ मळता मळता म्हणाली. "आमी म्हटलं, इसरलाव आमाला."

कॅमेरा तिकाटण्यावर लावला. चाचणीची माझी पद्धत ठरलेली होती. जागा तीच, चिमणी तीच, माणूस तेच, फक्त लेन्स बदलायची आणि प्रत्येकीवर थोडी थोडी फिल्म घालवायची. आधी माझी जुनी, साडेतीनची. काळोखात मी फीत सोडली आणि सवयीने म्हणालो, "धर."

फीत ताणली गेली. दोन हलके हिसके बसले.

मी बॅटरीच्या उजेडात आकडा वाचला. चार फूट दोन इंच. फोकस लावला, बटण दाबलं. मग दुसरी लेन्स. पुन्हा फीत, पुन्हा दोन हिसके, चार फूट दोन इंच. वाटलं, हौसाबाईनेच धरली असेल. खरं सांगायचं तर वाटलंही नाही. काहीच वाटत नव्हतं. तिसऱ्या वेळी चावी भरताना बोट घसरलं आणि बटण जरा लवकरच, फीत अजून ताणलेली असतानाच, दाबलं गेलं.

सामान आवरताना हौसाबाईने जर्मनच्या थाळीत भाकरी आणि सुकट वाढली. मग दुसरी थाळी घेतली.

"वैनी जेवनार नाय?"

"नाही," मी म्हणालो. तिने विचारलं ते घरी असलेल्या मालूबद्दल, असं मी धरून चाललो.

"आज बोलत पन नाय त्या," असं काहीतरी ती पुटपुटली. मी भाकरी मोडत होतो. तिला चव होती की नव्हती, तेही आठवत नाही.

फिल्म मुंबईला धुवायला पाठवली, ती नवव्या दिवशी आली. दुपारी स्टुडिओची दारं लावून भिंतीवर पांढरी चादर टांगली आणि प्रोजेक्टर सुरू केला. साडेतीनच्या लेन्सने चिमणीची ज्योत तेवढी दाखवली. एक पॉइंट नऊमध्ये धुरातून बघितल्यासारखी हौसाबाई दिसली. मग तिसरी. तिच्या गालावरचं पीठसुद्धा दिसत होतं. आणि पहिल्या दोन सेकंदांत, चौकटीच्या डाव्या काठाकडून आत आलेला एक हात. कोपरापर्यंतच. फितीचं टोक हौसाबाईच्या डोळ्याशी धरलेला. हौसाबाईचे दोन्ही हात परातीत होते.

हातात चुडा भरलेला होता. फिल्म काळी-पांढरी, पण त्याचा रंग मला कुणी सांगायला नको होता. हात फीत सोडून चौकटीबाहेर गेला.

ते रीळ मी अकरा वेळा पाहिलं. भीती वाटली नाही. राग आला, तोही स्वतःचा, आणि तोही लांबून. इतकी वर्षं तिला बाहेर ठेवूनच चौकट लावली होती, त्याही दिवशी तशीच लावली. वीतभर डावीकडे असती तर चेहरा आला असता. त्याच पावली नियाजकडे गेलो.

"एक पॉइंट चारची ठेवतोय."

"अच्छी निकली?" नियाज म्हणाला आणि दुसरी लेन्स कापसात गुंडाळायला लागला.

ऊन कलताना झोपडीवर पोचलो. हौसाबाई दारातच उभी होती. या वेळी मी आधी सांगून टाकलं.

"हौसाबाई, मालू आश्विनातच गेली."

तिने मान हलवली. "ठावं हाय. तिनंच सांगतलं."

"कधी?"

"तुमी गेलाव ना त्या दिशी. तुमी निंगालाव, ती निंगाली नाय. हिथंच हाय." तिने हनुवटीने चुलीच्या डाव्या कोपऱ्याकडे दाखवलं. "आमाला तरास नाय तिचा. गरीब हाय बिचारी."

कोपऱ्यात काळोख होता आणि मिठाची दोन पोती. मी कॅमेरा तिकडे वळवला. फीत सोडली.

"मालू, धर. आणि आज बाजूला होऊ नकोस."

फितीचं टोक जमिनीवर पडून राहिलं. मी पुन्हा म्हणालो. चुलीत एक काटकी तडकली, तेवढंच.

"नको म्हनते," हौसाबाई म्हणाली.

"फोटो नको?"

"फोटो नको. घरी पन येवाचं नाय."

"विचार तिला... का?"

हौसाबाई कोपऱ्याकडे कान देऊन बराच वेळ बसली. मग माझ्याजवळ सरकली आणि आवाज अगदी खाली आणला.

"म्हनते... तिकडं माज्या जागेवर कोनतरी बसलंय. मी गेली त्या दिशीपासून. म्हनते, त्यांना दिसत नाय... त्यांच्यासमोरच जेवाला बसतंय."

मी कॅमेरा उचलला आणि बांधावरून निघालो. बाजारात दिवे लागत होते, टांगेवाले ओरडत होते. रोज संध्याकाळी मी जेवायला बसायचो, तेव्हा समोर मालूचा पाट मांडलेला असायचा. तो उचलायचं जिवावर येतं, असं मी स्वतःला सांगत होतो. चालता चालता आठवून पाहिलं, तर चार महिन्यांत तो पाट मी एकदाही मांडल्याचं आठवेना.

तिथे, भर बाजारात, मी थांबलो. आश्विनापासून पहिल्यांदा मला काहीतरी जवळून वाटलं. ती भीती होती, आणि तिच्यामागोमाग इतकं रडू आलं की लोक वळून बघायला लागले. मालू मला सोडून गेली होती, आणि मी तिच्याशिवाय कुणाबरोबर राहत होतो ते मला माहीत नव्हतं.

घराच्या दाराला सकाळी मीच लावलेलं कुलूप होतं. ते उघडलं. दार ढकललं, तर ते हललं नाही. आतून कडी होती.

हाक मारायला तोंड उघडलं. पण कोणत्या नावाने मारायची, तेच कळेना.