चार नंबरच्या कडीवरची टोपी

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. मंगल आज जिवंत आहे, म्हणून मी हे सांगू तरी शकतोय.

गेल्या मे महिन्यातला शनिवार. तासगावजवळचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. दुपारचा एक, बाहेर लख्ख ऊन.

मी सांगलीत प्रोग्रॅमिंग करतो. तिथल्या खोल्यांची दारं लावणारा प्रोग्रॅम माझाच; त्या दिवशी तो बघायला तिथं गेलो होतो.

तिथली एक रीत आहे. गार खोलीत जाणारा बाहेर कडीवर टोपी अडकवतो. टोपी दिसली की दार कुणी लावत नाही, आणि ती ज्याची त्यानंच काढायची.

मी प्रोग्रॅममध्ये तेच केलं. प्रत्येक खोलीला एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमच्या आतला कामगार. काम करताना तो लॉक लावतो, काढतोही तोच. थ्रेडना मी हौसेनं तिथल्या माणसांची नावं दिली होती. चार नंबरचा केरबा.

केरबातात्या संक्रांतीला वारले. नाव बदलायचं राहून गेलं.

शनिवारी एकला काम सुटतं. तेव्हा प्रोग्रॅम स्वतःची नक्कल काढतो, त्याला फोर्क म्हणतात. ती नक्कल दारं लावते.

एक लागलं. दोन लागलं. तीन...

चार लागेना.

स्क्रीनवर पाहिलं. नक्कल लॉक सुटायची वाट बघत होती.

लॉक कुणाचं? केरबा.

मी कपाळावर हात मारला. फोर्क करणारा थ्रेड तेवढा नकलेत येतो. बाकीचे येत नाहीत, पण त्यांनी लावलेली लॉक येतात. कडीवर टोपी आहे, माणूसच नाही, मग काढणार कोण? आधी नक्कल काढायची, मग थ्रेड सुरू करायचे, एवढं साधं मी विसरलो होतो.

स्वतःवरच चिडत दार हातानं लावायला गेलो.

कडीवर... टोपी होती. विडीनं भोक पडलेली.

तिथले जुने कामगार नानासो मागून आले. टोपी बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"केरबाची हाय रं ती. त्याच्यासंगंच जाळली आमी."

आतून... काहीतरी खरडल्यासारखं झालं.

खोक्यांमागं मंगल पडली होती. केरबातात्यांची लेक. चक्कर येऊन पडलेली, ओठ निळे. कडीवर तिनं काहीच अडकवलं नव्हतं. बायकांना टोपी कुठली? हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आतून उघडायची कळ महिनाभर बिघडलेली. दार लागलं असतं तर ते सोमवारीच उघडलं असतं.

तिला उचलून बाहेर आणलं.

कडी रिकामी होती.

प्रोग्रॅम मी त्याच दिवशी दुरुस्त केला. आधी नक्कल, मग थ्रेड. केरबा हे नाव पुसून टाकलं. मंगलनं ते काम सोडलं.

परवा शनिवारी, एकच्या ठोक्याला नानासोंचा फोन आला.

"जयराज, चार लागंना रं."

स्क्रीन उघडली. लॉक... केरबा.

"आवं, आत कोण हाय का बघा!"

"दोनदा बघितलं. कोण न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कडीला टोपी हाय."

तेव्हापासून दार उघडंच ठेवायला लावलंय. आत बेदाणा तापतोय, मालक शिव्या घालतोय, तरी ते लावा म्हणायची माझी हिंमत होत नाही.

मंगल घरी आहे. सकाळपासून तीनदा फोन करून खात्री केली.

मग तात्या कुणासाठी थांबलेत?